माझ्या घड्याळात चारच वाजले होते

सोमवार, २ मे

क्रूझला जायचं ठरलं. म्हणजे लेक आणि जावई यांनी ठरवलं, तिकिटं काढली आणि मग मला कळवलं. लग्नाला चाळीस वर्षं होताहेत म्हणून भेट. जावई आपण होऊन काही देतो, तेव्हा कुठेतरी पाणी मुरत असतं. मी उभा जन्म विमा कंपनीत आगीचे दावे तपासले. जळका पडदा हुंगून सांगायचो, आग लागली की लावली. ऑफिसात मला 'भिंग' म्हणायचे. प्रेमाने.

बायकोने अट घातली. आठ दिवस तपासणी बंद. कोणाला उलटतपासणीचे प्रश्न नाहीत, काही हुंगणं नाही, खाली वाकून बघणं नाही. शेवटच्या बंदरावर लेक गाडी घेऊन येणार आहे. तिच्या घरी हिच्यासाठी खोली तयार आहे, पडदेसुद्धा लावून झाले. आठ दिवस मी माणसासारखा वागलो, तर ही माझ्याबरोबर घरी येणार. नाहीतर लेकीच्या गाडीत बसणार, आणि परत कधी ते बघू म्हणाली.

हे बोलताना हसत नव्हती. पण तिला विनोद करताना हसू येत नाही, असं मी धरून चालतो. अट मान्य केली. लेखी काही नाही, त्यामुळे हरकत नाही.

संकल्प: आठ दिवस कोणावरही संशय घ्यायचा नाही. जावई सोडून.

गुरुवार, ५ मे

पॅकिंग. टॉर्च, शिट्टी, नायलॉनची दोरी, मोजपट्टी, भिंग. ही म्हणाली, मोजपट्टी कशाला? म्हटलं, राहू दे. ती म्हणाली, काढा. काढली. मोज्यात ठेवली.

घराची किल्ली दोऱ्यात ओवून गळ्यात घातली. किल्ल्या दोनच. एक माझी, एक हिची. तिसरी करायला दिली की किल्लीवाला चौथी स्वतःसाठी करून ठेवतो, एवढी साधी गोष्ट लोकांच्या लक्षात येत नाही. हिच्या किल्लीला तिने लाल लोकरीचा गोंडा बांधलाय. चोराला लांबूनही दिसावी म्हणून असेल. मी काही बोललो नाही. अट पाळायला सुरुवात केलीसुद्धा.

शनिवार, ७ मे, संध्याकाळी ६

बोटीवर आलो. बोट कसली, दहा मजली इमारत पाण्यात सोडलीय.

शिडी चढताच त्यांनी आमचा फोटो काढला. कशासाठी, ते विचारलं नाही (अट!), फक्त चेहऱ्यापुढे टोपी धरली. जो दिसेल तो हसतोय. एवढी माणसं एकाच वेळी खूश असणं नैसर्गिक नाही. कोणी कोणाला काय दिलंय?

केबिन लहान, पण नीटनेटकी. जरा जास्तच नीटनेटकी. केबिन आवरणारा गृहस्थ येऊन ओळख करून गेला. त्याचं हसू गालावर चिकटवल्यासारखं आहे. त्याचं नाव मी 'हसरा' ठेवलं. काही लागलं तर सांगा, म्हणाला. काही लागणार आहे हे याला आधीच कसं माहीत?

कपाटात छोटी तिजोरी आहे, आकडे टाकून उघडायची. पासपोर्ट, गोळ्या, स्वेटर सगळं आत. ही म्हणाली, स्वेटर कोण चोरणार? चोर कधी सांगून येतो का? आकडा असा टाकलाय की कोणाच्या बापाला सुचणार नाही. हिलाही सांगितला नाही. हिला धरून कोणी विचारलं तर? तिच्याच भल्यासाठी.

मग सगळ्यांना डेकवर जमवून लाइफ जॅकेट कसं घालायचं ते दाखवलं. जॅकेटला शिट्टी असते. चालते की नुसती शोभेची, हे एकानेही बघितलं नाही. मी वाजवली. चालते. चांगलीच चालते. पुढच्या रांगेतल्या बाईंना बसवून पाणी द्यावं लागलं. ही दुसऱ्या मजल्यावर निघून गेली.

पहिला दिवस चांगला गेला. हिला आश्चर्य वाटलं असणार.

रविवार, ८ मे

काल जेवून परत आलो तर पलंगावर टॉवेलचा हत्ती! टॉवेलला पीळ घालून केलेला, सोंड वर. हिने टाळ्या पिटल्या. मी हत्ती उलगडून पाहिला. आत काही नव्हतं. यावरून काहीच सिद्ध होत नाही.

प्रश्न असा की आम्ही जेवत असताना हसऱ्याने एवढा वेळ आत काय केलं? हत्ती हे निमित्त आहे. ऑफिसात असताना एक गोदामवाला मला रोज फुलं पाठवायचा. नंतर कळलं, गोदाम रिकामंच होतं.

उपाय केला. बाहेर पडताना दाराच्या फटीवर केस चिकटवायचा. परत आल्यावर केस नसेल तर कोणीतरी आत शिरलं. माझे केस वाया घालवण्याइतके उरलेले नाहीत, म्हणून हिच्या कंगव्यातला घेतला.

टेबलावर आमच्याबरोबर एक दातांचे डॉक्टर आणि त्यांची बहीण असतात. डॉक्टर विधुर. दात फार चांगले आहेत. साठीच्या माणसाला इतके चांगले दात? हिला विचारून भाजी वाढतात. बहीण म्हणाली, दुपारी नाचाचा क्लास असतो, या ना. ही नाचणार? ती म्हणाली, बघू. बघू म्हणजे हो.

दुपारी समुद्र खवळला. माझ्या मते कॅप्टन मुद्दाम बोट आडवी घालतो, म्हणजे लोक कमी जेवतात. हसऱ्याने हिरवं सफरचंद आणून दिलं, खाल्लं की मळमळ थांबते म्हणाला. फुकट सफरचंद मी खातोय! संध्याकाळपर्यंत पोटात जे होतं ते सगळं बाहेर. हिने सफरचंद खाल्लं, नाचाला गेली, परत येऊन जेवायला गेली. तिच्या सफरचंदात काहीतरी वेगळं असणार.

सोमवार, ९ मे

केस गायब! साफसफाई करताना पडला असेल, असं हिचं म्हणणं. साफसफाई हेच तर मी म्हणतोय.

दाराला 'त्रास देऊ नका'ची पाटी लावली. कायमची. आता बघतो कोण शिरतंय.

आज जेवताना स्पीकरवाल्या बाईने जाहीर केलं की आपण पूर्वेकडे जात असल्यामुळे आज सर्वांनी घड्याळ एक तास पुढे करावं. सगळ्यांनी माना डोलावून मनगटं पुढे केली. डॉक्टरांनी आपलं केलं, बहिणीचं केलं, आणि हिचंही करून दिलं. हिचा हात हातात धरून.

मी केलं नाही. सुट्टी आठ दिवसांची. त्यातला एक तास कोणीतरी उचलून नेणार, आणि आपण हसत हसत द्यायचा? परत मिळाल्याची पावती कुठे? एवढ्या प्रवाशांचा एकेक तास म्हणजे किती तासांचं जेवण, वीज, पगार वाचला, याचा कोणी विचार केलाय? मी ऑफिसात असतो तर एक फाइल उघडली असती.

माझं घड्याळ माझ्या निरोप समारंभाचं आहे. ते कधी मागे पडलं नाही, पुढे गेलं नाही. यापुढे सर्व नोंदी खऱ्या वेळेने.

मंगळवार, १० मे, सकाळी ९, खरी वेळ

ही जागेवर नाही. उठलो तेव्हा पलंग रिकामा. नाश्त्याला गेलो तर टेबल पुसून होत आलेलं. डॉक्टर नाहीत. बहीण नाही. ही नाही.

वेळेच्या फरकामुळे असेल असं कोणी म्हणेल. पण हिने माझ्यासाठी थांबायला नको? त्यांच्या खोट्या वेळेने नाश्ता करते, म्हणजे ही कोणाच्या बाजूची झाली?

दुपारी १

जेवायला गेलो. स्वयंपाकघर आवरताहेत. कोरडा पाव आणि सूप मिळालं. ही जेवून गेली, वेटरने सांगितलं. खूप हसत होत्या म्हणाला. मी त्याला विचारलं नव्हतं.

संध्याकाळी ५

धक्कादायक. जिन्यापाशी उभा होतो. आडोशाला नाही, सहज उभा होतो. कॉरिडॉरमध्ये ही आणि हसरा. त्याने इकडे तिकडे पाहिलं आणि तिला एक गठ्ठा दिला. हिने काखेत लपवला. दोघं काहीतरी बोलून हसले.

केबिनमध्ये विचारलं. सरळ नाही, वळसा घेऊन. ती म्हणाली, टॉवेल आहेत. तुमच्या पाटीमुळे तो आत येत नाही, मग मी बाहेरून घेते. दोन दिवस तुम्ही कशाने अंग पुसलंत? मी म्हटलं, स्वतःच्या पंच्याने. ती म्हणाली, तो माझा परकर होता.

विषय बदलला.

हे मात्र लिहून ठेवतो की बोटीवर सेवा अत्यंत निकृष्ट आहे. दोन दिवस केर काढलेला नाही, पाण्याची बाटली नाही, चादर बदललेली नाही. काउंटरवर जाऊन सौम्य शब्दांत सांगितलं. तिथल्या मुलीने पाटीबद्दल विचारलं. पाटीचा काय संबंध?

ही तक्रार नव्हती, चौकशी होती. अट मोडलेली नाही.

बुधवार, ११ मे

हिने आज चांगली साडी नेसली. केसांत काहीतरी चमकणारं. मी कारण विचारलं तर माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, आठ वाजता जेवायला या. बोटीच्या आठ वाजता. एवढं माझ्यासाठी करा. आवाज मऊ होता. मऊ आवाज आला की दाव्यात खोट असते, हा माझा अनुभव.

मी माझ्या आठला गेलो. तत्त्वाचा प्रश्न होता.

पोचलो तर दालन जवळजवळ रिकामं. आमच्या टेबलावर ही, डॉक्टर, बहीण, आणि मध्ये एक केक. मेणबत्ती जळून तळाशी आलेली. मला बघताच डॉक्टर आणि बहिणीने टाळ्या वाजवल्या, वेटरसुद्धा धावत येऊन काहीतरी गायला लागले.

माझ्या लगेच लक्षात आलं. आमच्या लग्नाचा वाढदिवस उद्या, बारा तारखेला. कंपनीने आज केक दिला म्हणजे तारखेत गफलत, किंवा दुसऱ्याच कोणाचा उरलेला केक आमच्या गळ्यात. मी सर्वांसमक्ष सांगितलं की आमचा दिवस उद्या आहे, हा केक स्वीकारता येणार नाही.

वेटरांचं गाणं थांबलं. डॉक्टर हिच्याकडे बघायला लागले. ही माझ्याकडे. मग तिने सुरी उचलली, केक कापला, डॉक्टरांना एक तुकडा, बहिणीला एक. मला विचारलं. मी नको म्हटलं. ती म्हणाली, बरं.

एवढंच. बरं.

काही चुकलं का, असं क्षणभर वाटून गेलं. पण तारीख मी विसरणं शक्य नाही. मी रोज तोच आकडा

हे वाक्य खोडायला हवं, सुरक्षेच्या कारणास्तव.

गुरुवार, १२ मे, सकाळी ८, खरी वेळ

आज खरा वाढदिवस. आज बंदर आहे. आज मी सगळं नीट करणार.

योजना: शहरात उतरायचं. हिला डॉक्टरांच्या बहिणीबरोबर पुढे पाठवायचं. मी गुपचूप जाऊन भेटवस्तू घेणार. चाळीस वर्षांत हिला मी कापड कधी घेतलं नाही, कारण कापडात फसवाफसवी फार. आज घेणार. मग डेकवर बसून केक मागवणार, आजच्या तारखेचा. हिचं मन वळणार. लेकीची गाडी रिकामी जाणार. जावयाचं तोंड बघण्यासारखं होईल!

बोटीचा कागद सांगतो, साडेचारपर्यंत परत या, पाचला बोट सुटेल. ही उतरताना दोनदा म्हणाली, बोटीचे साडेचार हं. कागदावर 'बोटीचे' असं कुठेही छापलेलं नाही. साडेचार म्हणजे साडेचार. शिवाय माझं सामान आत आहे. प्रवाशाचं सामान आत आणि प्रवासी बाहेर असताना बोट काढली, तर कंपनीचा विमा अडचणीत येतो. त्यांची हिंमत होणार नाही.

दुपारी १, चौकातल्या बाकावर

चौकातल्या मनोऱ्यावरचं घड्याळ दोन दाखवतंय. बघा. कंपनीचे हात कुठपर्यंत पोचलेत!

दुपारी ३, खरी वेळ

रुमाल घेतला. गळ्याला बांधायचा, निळा, बारीक पांढरी फुलं. दुकानदारीण म्हणाली, शुद्ध रेशीम. सगळेच म्हणतात. मी आठवून आठवून सगळे प्रश्न विचारले. माल कुठून येतो, कोण विणतं, आधीचा माल कुठे गेला. ती कंटाळून आत गेली, तिची आई आली. तिला पहिल्यापासून विचारलं.

शेवटी खात्री करायची एकच रीत. रेशीम जळताना केसासारखा वास येतो, नकली असेल तर वितळून गोळी होते. एक धागा काढून पेटवला. धागा जरा लांब निघाला. कोपरा जळला. केसासारखा वास आला.

म्हणजे अस्सल! हे त्यांना कौतुकाने सांगितलं, पण दोघी ओरडतच होत्या. रुमाल घ्यावाच लागला. कोपरा आत दुमडला की दिसत नाही. फार सुंदर रंग आहे. हिला निळा आवडतो, बहुतेक.

अजून दीड तास आहे. पायी जातो, टॅक्सीवाल्यांचा भरवसा नाही. वाटेत तोंडाने सराव करतो. काय म्हणावं? शुभेच्छा म्हणावं, की सरळ सांगावं, घरी चल. घरी चल हेच बरं. तिच्याशिवाय त्या घरात मी एक दिवससुद्धा राहिलेलो नाही. चहाचा डबा कुठे असतो तेही मला माहीत नाही.

४ वाजून १०

धक्क्यावर आहे. बोट नाही. म्हणजे आहे, पण पाण्यात, लांब. शिडी नाही.

मी पळालो. गेटवरून पळालो तेव्हा बोट हात लावण्याइतकी जवळ होती. वर कठड्याला माणसंच माणसं. मला बघून टाळ्या वाजवायला लागली, शिट्ट्या मारायला लागली. मला वाटलं माझं कौतुक चाललंय, माझ्यासाठी थांबवताहेत. मी हात हलवले. त्यांनीही हलवले. मग कळलं, धक्क्यावर उशिरा पळत येणारा माणूस बघायला लोक मुद्दाम कठड्याशी गोळा होतात. त्यांची करमणूक असते ती.

ही होती. साडीवरून ओळखली. टाळ्या वाजवत नव्हती. हात वर केला होता. बोलावत होती की निरोप देत होती, ते मला इतक्या लांबून ठरवता आलं नाही.

मी रुमाल काढून फडकवला. मग घड्याळ वर धरून ओरडलो की अजून वीस मिनिटं आहेत. कोणाला ऐकू गेलं नसावं.

संध्याकाळी ७, बंदरातल्या ऑफिसच्या घड्याळाप्रमाणे

बंदरावरच्या कंपनीच्या माणसाने खुर्ची दिली, पाणी दिलं. हसला नाही. बरा वाटला.

माझा फोन बंद होता, कारण बंद फोनमधून कोणी काही चोरू शकत नाही. ही तासभर लावत होती म्हणे. बोट दहा मिनिटं थांबवली होती. कॅप्टनशी स्वतः जाऊन बोलली. शेवटी नाइलाज झाला, तेव्हा माझं सामान एका पिशवीत भरून या माणसाकडे धक्क्यावर उतरवून दिलं. पिशवी त्याने माझ्या पुढ्यात ठेवली. पासपोर्ट, गोळ्या, स्वेटर.

मी ताठ बसलो. हे सगळं तिजोरीत होतं. तिजोरीचा आकडा माझ्याशिवाय कोणालाही माहीत नव्हता. कोणी उघडली, कोणाच्या हुकुमाने, तेव्हा साक्षीदार कोण होतं? बोटीत सगळ्या तिजोऱ्यांची एक गुप्त चावी असणार, हे मी पहिल्या दिवसापासून म्हणतोय.

तो म्हणाला, बाईसाहेबांनी उघडली. पहिल्याच झटक्यात. केबिनवाला मदतीला आला होता, त्याची गरजच पडली नाही. बाईसाहेब त्याला म्हणाल्या, लग्नाची तारीख टाकलेली असणार. पण खरी नाही, यांची. हे पहिल्या वर्षापासून एक दिवस उशिराची धरून बसलेत.

मी पाणी प्यायलो.

म्हणजे काल होता. ती मेणबत्ती किती वेळ जळली असेल?

त्याने आणखी एक कागद पुढे केला. लेकीने फोनवरून माझं विमानाचं तिकीट काढून दिलंय, उद्या सकाळचं. खिडकीजवळची सीट, मला विमान लागतं म्हणून हिनेच सांगितलेली. तिकीट शेवटच्या बंदराचं नाही. थेट घराचं आहे. बरोबरच आहे, एवढा वळसा कशाला? ही मागाहून येईल. डॉक्टरांचा निरोप घेऊन, लेकीला भेटून.

तो म्हणाला, बोटीवर काही निरोप द्यायचाय का? माझ्या डोक्यात पुष्कळ होतं. रुमालाचं होतं. कंपनीवर दावा ठोकायचं होतं. घरी चल, हे तर पाठच होतं. मी म्हटलं, केक छान होता म्हणून सांगा. त्याने लिहून घेतलं. मी खाल्ला नव्हता, हे तिला माहीत आहे.

मग गोळ्या काढायला पिशवीचा आतला कप्पा उघडला. हाताला काहीतरी मऊ लागलं. आधी वाटलं, हसऱ्याने काहीतरी टाकलंय. बाहेर काढलं. लाल लोकरीचा गोंडा. त्याला किल्ली.

मी गळ्यात हात घातला. माझी किल्ली गळ्यातच होती, जिथे असते तिथे.

घड्याळ एक तास पुढे केलं. दोरा सोडून तिची किल्ली माझ्या किल्लीशेजारी ओवली आणि परत गळ्यात घातला. गोंड्याने मान हुळहुळते, पण तो काढला नाही.